झाकण मिटले, पण संगणक झोपला का?

एका माध्यमिक शाळेत विज्ञान-प्रदर्शनाच्या निमित्ताने आम्ही गेलो होतो. शाळेला देणगीदाखल दोन लॅपटॉप मिळाले होते. त्यांपैकी एक 'आजारी' होता. काम चालू असताना मध्येच त्याचा पडदा काळा पडे. कळ दाबली की तो जागा होई आणि क्षणभरात पुन्हा झोपी जाई. विज्ञानाच्या बाईंनी तो तीन वेळा दुरुस्तीला नेला. दुकानात मात्र तो तासन्‌तास नीट चाले. दुकानदाराने एकदा विंडोज नव्याने घातली, एकदा रॅम काढून पुसून बसवली, आणि तिसऱ्या वेळी "बॅटरी बदलून टाका" असा सल्ला दिला. प्रत्येक खेपेला शाळेचे पैसे गेले. शेवटी लॅपटॉप कपाटात गेला. "सर, याला आमच्या शाळेची हवाच मानवत नाही," असे बाई हसून म्हणाल्या.

बाईंचे हे वाक्य खरे होते, मात्र त्यांना अभिप्रेत असलेल्या अर्थाने नव्हे. शाळेतील टेबल अरुंद होते. त्यामुळे बंद लॅपटॉप खाली आणि चालू लॅपटॉप त्याच्यावर, अशी मांडणी नेहमीची झाली होती. लॅपटॉपच्या झाकणात एक लहानसा चुंबक असतो आणि कळफलकाच्या बाजूला, तळहात टेकतात त्या भागात, चुंबकक्षेत्र ओळखणारा संवेदक असतो. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या 'हॉल परिणामा'वर हा संवेदक चालतो. झाकण मिटले की चुंबक संवेदकाजवळ येतो आणि संगणकाला झोपण्याचा संदेश मिळतो. येथे खालच्या लॅपटॉपच्या झाकणातील चुंबक वरच्या लॅपटॉपच्या संवेदकाखाली येत होता. वरचा संगणक बिचारा आज्ञाधारकपणे झोपत होता! आम्ही तो वीतभर बाजूला सरकवला आणि आजार संपला. दुकानात तो एकटाच टेबलावर असे, म्हणून तेथे तो कधीच आजारी पडला नाही.

ही हकीकत गंमत म्हणून सांगितलेली नाही. लॅपटॉपच्या झोपेविषयी तक्रारी सर्वत्र आहेत: झोपत नाही, झोपेतून उठत नाही, रात्रभरात बॅटरी संपवतो. या तक्रारींवर जे उपाय सांगितले जातात ते बहुतेक 'तोडगे' असतात. ड्रायव्हर बदला, प्रणाली नव्याने घाला, बंद करून चालू करा. कोणीही आधी निरीक्षण करा, एक घटक बदला, दुसरा स्थिर ठेवा, असे सांगत नाही. वर्गात आपण ज्या पद्धतीचा आग्रह धरतो, ती शाळेच्या टेबलावरील यंत्रापुढे मात्र आपण विसरतो. यात दोष फक्त वापरणाऱ्यांचा आहे का? आमच्या मते नाही. झोपेची व्यवस्था ज्यांनी घडवली त्यांनीही ती अशी घडवली आहे की सामान्य माणसाला निदान करताच येऊ नये. या लेखात त्या व्यवस्थेची आणि तीन प्रमुख ऑपरेटिंग सिस्टिमची आपण परीक्षा घेऊ. कसोटी एकच: झोप बिघडली तर यंत्र खरे कारण सांगते का?

झोप म्हणजे नेमके काय?

संगणकाची कामाची स्मृती, म्हणजे रॅम, ही सूक्ष्म संधारित्रांची बनलेली असते. संधारित्रात प्रभार असेल तर १, नसेल तर ०. हा प्रभार सतत गळत असतो, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो. नेहमीच्या रॅममध्ये प्रत्येक ओळ साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा तरी ताजी करावी लागते. असा एक फळा कल्पून पाहा, की ज्यावरील अक्षरे आपोआप पुसट होत जातात आणि एक विद्यार्थी खडू घेऊन ती न थांबता गिरवत असतो. विद्यार्थी गेला की फळा कोरा झालाच.

झोपेचा पहिला प्रकार म्हणजे वर्गातील सर्वांना घरी पाठवायचे, दिवे-पंखे बंद करायचे, पण गिरवणाऱ्या त्या एका विद्यार्थ्याला ठेवायचे. प्रोसेसर, पडदा, चकती सर्व बंद. फक्त रॅम जेमतेम विजेवर स्वतःला ताजी ठेवते. तांत्रिक भाषेत या अवस्थेला एस-३ म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे फळ्यावरील सगळा मजकूर वहीत उतरवून घ्यायचा आणि वर्गाला कुलूप लावायचे. रॅममधील मजकूर डिस्कवर लिहून संगणक पूर्ण बंद करतात. ही एस-४, म्हणजेच हायबरनेट किंवा शीतनिद्रा. पहिल्या प्रकारात जाग झटकन येते पण वीज थोडी लागतेच, आणि बॅटरी संपली तर मजकूर जातो. दुसऱ्यात वीज जवळजवळ लागत नाही, पण उठायला वेळ लागतो. पूर्ण चालू अवस्थेला एस-०, तर बंद अवस्थेला एस-५ असे नाव आहे.

ही नावे ज्या करारातून आली त्याचा इतिहास समजून घेतला तर अर्ध्या तक्रारींचे मूळ सापडते. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एपीएम नावाची पद्धत आणली. तीत वीज वाचवण्याचे बरेचसे निर्णय मदरबोर्डावरील चिपमध्ये भरलेली प्राथमिक आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, घेत असे. ऑपरेटिंग सिस्टिमला त्याचा नीट पत्ता नसे. मग डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले. निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमने घ्यायचा. फर्मवेअरने यंत्रात काय काय आहे आणि ते कसे झोपवायचे, याचे तक्ते व लहान लहान आज्ञावल्या पुरवायच्या, अशी ही कामाची वाटणी होती. कल्पना उत्तम होती. पण याचा अर्थ असा की झोप आता तिघांच्या सहकार्यावर अवलंबून राहिली: फर्मवेअर लिहिणारा, ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणारा, आणि प्रत्येक सुट्या भागाचा ड्रायव्हर लिहिणारा. तिघांपैकी एकाने चूक केली तरी संगणक उठत नाही, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

मानक सर्वांसाठी खुले असले तरी वागणूक तशी राहिली नाही. लॅपटॉप बनवणारे आपले फर्मवेअर मुख्यतः विंडोजवर तपासून बाजारात आणीत. विंडोजवर चालले की झाले! परिणाम असा झाला की फर्मवेअर जेव्हा "समोर कोणती प्रणाली आहे?" असे विचारते, तेव्हा लिनक्स आपण विंडोज असल्याचे उत्तर देते. खरे सांगितले तर फर्मवेअरमधील कधीच न तपासलेला मार्ग चालू होण्याची भीती असते. अमेरिकेतील आयोवा राज्यात मायक्रोसॉफ्टविरुद्ध एक खटला चालला. तो २००७ मध्ये तडजोडीने मिटला. त्यात पुरावा म्हणून दाखल झालेल्या कागदपत्रांत बिल गेट्स यांचे जानेवारी १९९९ मधील एक पत्र आहे. आपण आणि आपल्या भागीदारांनी एसीपीआयवर कष्ट घ्यावेत आणि लिनक्स मात्र आयते छान चालावे, हे खेदजनक होईल, असा त्याचा आशय आहे. त्या विचारावर पुढे अंमल झाला असे त्या पत्रावरून सिद्ध होत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. पण मानक कागदावर सर्वांचे आणि चाचणी एकाचीच, ही स्थिती प्रत्यक्षात आली, एवढे खरे.

शब्द तोच, अर्थ वेगळा

आता आमच्या मुख्य आक्षेपाकडे वळू. मोबाइल फोन कधी 'झोपत' नाही. पडदा काळा असतानाही निरोप येतो, घंटी वाजते. लॅपटॉपही तसाच असावा, या इच्छेने मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर 'कनेक्टेड स्टँडबाय' आणि २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर 'मॉडर्न स्टँडबाय' आणले. यात संगणक एस-३ मध्ये जातच नाही. तो एस-० मध्ये, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या चालूच राहतो. फक्त प्रत्येक भागाने आपापली वीज कमीत कमी करावी अशी अपेक्षा असते. पुढे, विशेषतः २०२० च्या आसपासपासून, अनेक नव्या लॅपटॉपांच्या फर्मवेअरमधून एस-३ काढूनच टाकण्यात आली.

फरक समजण्यासाठी वसतिगृहाचे उदाहरण घेऊ. एस-३ म्हणजे रात्री दहाला रेक्टरने मुख्य खटका पाडणे. कोणाची इच्छा असो वा नसो, दिवे गेले. मॉडर्न स्टँडबाय म्हणजे प्रत्येक मुलाने आपला दिवा स्वतः मालवावा अशी विनंती. सर्वांनी ऐकले तर उत्तमच! पण एक जरी मुलगा जागा राहिला तरी गॅलरीतील दिवा, पाण्याचा पंप, पहारेकरी, सर्व त्याच्यासाठी चालू ठेवावे लागतात. लॅपटॉपमध्ये वायफायचे कार्ड, डिस्क किंवा एखादे यूएसबी उपकरण यांपैकी एकाने जरी खोल विश्रांती घेतली नाही, तरी प्रोसेसरचा सगळा संच खोल अवस्थेत उतरू शकत नाही.

फोन हे करू शकतो, कारण त्याचे सुटे भाग मोजके असतात, आणि ते व त्यांची आज्ञावली एकमेकांशी जुळवूनच बाजारात येतात. लॅपटॉप हा अनेक कारखान्यांच्या भागांचा मेळ. तेथे ही विनंती सर्वांनी ऐकलीच पाहिजे असे कोणी हमखास सांगू शकत नाही. आम्ही स्वतः एकदा झाकण मिटलेला लॅपटॉप पिशवीत घालून चार तासांचा प्रवास केला. उतरल्यावर पिशवी बाहेरूनच गरम लागत होती आणि बॅटरी शून्यावर आली होती. व्याख्यानाची चित्रे त्याच यंत्रात होती, म्हणून त्या दिवशी आम्ही खडू-फळ्यावर भागवले. ते एक वेळ सोडून देऊ. पण लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटते आणि पिशवीत हवा खेळत नाही. 'झोपलेले' यंत्र तेथे तापणे ही किरकोळ गैरसोय नव्हे.

नव्या पद्धतीचे गुण नाकारण्याचे कारण नाही. जाग तत्काळ येते, आणि टेबलावर चार्जरला जोडलेल्या यंत्रासाठी ती सोयीचीही आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. अवस्था बदलली, पण तिचे नाव बदलले नाही. मेनूमध्ये 'स्लीप' हाच शब्द राहिला. एस-३ च्या झोपेवर वर्षानुवर्षे विसंबलेल्या माणसाला या बदलाचा पत्ताच लागला नाही. विज्ञानात एखाद्या संज्ञेची व्याख्या बदलली तर ती जाहीरपणे बदलावी लागते. वजन आणि वस्तुमान यांत गल्लत करणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण आपण कापतो. येथे तीच गल्लत कारखान्यातून भरून आली आणि जुना पर्याय काढून घेतला गेला. मुख्य खटका भिंतीवरून उतरवायचाच होता, तर तशी पाटी तरी लावायला हवी होती.

तीन प्रश्न

झोपेच्या कोणत्याही तक्रारीचे निदान तीन प्रश्नांत बसते. पहिला, संगणक झोपला का? दुसरा, झोपलेला राहिला का? तिसरा, उठला का? तीन प्रश्नांची कारणे वेगळी आणि तपासणीही वेगळी आहे. सर्वांवर एकच औषध देणे म्हणजे ताप, खोकला आणि मोडलेला हात यांवर एकच गोळी देणे होय. पुढील आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या रोमन अक्षरांतच टंकाव्या लागतात.

पण या तीन प्रश्नांच्याही आधी आपल्या यंत्राला झोपेचे कोणते प्रकार येतात ते पाहावे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर 'पॉवरसीएफजी /ए' ही आज्ञा द्यावी. कोणत्या अवस्था उपलब्ध आहेत आणि कोणत्या का नाहीत, याची यादी मिळते. 'एस-० लो पॉवर आयडल' दिसले तर आपले यंत्र नव्या पद्धतीचे आहे असे समजावे. लिनक्समध्ये 'सिस' या फोल्डरातील 'पॉवर'मध्ये 'मेम-स्लीप' नावाची फाइल असते. ती वाचली तर 'एस-टू-आयडल' आणि 'डीप' असे शब्द दिसतात. चौकटी कंसात जो असेल तो सध्याचा. 'डीप' म्हणजे एस-३. तो शब्दच दिसत नसेल तर फर्मवेअर ती सोय देत नाही आणि कोणताही ड्रायव्हर बदलून ती येणार नाही. एवढ्या एका निरीक्षणाने पुष्कळ व्यर्थ खटपट वाचते. मॅकमध्ये 'पीएमसेट -जी' ही आज्ञा झोपेच्या चालू मांडणीचा तक्ता दाखवते.

पहिला प्रश्न: झोपलाच नाही तर? बहुधा कोणीतरी त्याला जागे ठेवण्याची विनंती केलेली असते. चालू असलेला चित्रपट, ध्वनी, फाइल उतरवणे ही नेहमीची कारणे. विंडोजमध्ये 'पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स' ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने दिली तर विनंती करणाऱ्यांची नावे कळतात. मॅकमध्ये 'पीएमसेट -जी असर्शन्स' आणि बहुतेक लिनक्समध्ये 'सिस्टिमडी-इनहिबिट --लिस्ट' हेच काम करतात. शिक्षकांनी एक विशेष गोष्ट लक्षात ठेवावी. प्रोजेक्टर जोडलेला असताना झाकण मिटले तर यंत्र झोपेलच असे नाही. बाहेरच्या पडद्यावर काम चालू आहे असे मानून बहुतेक लिनक्स झाकणाकडे दुर्लक्ष करतात. मॅकही चार्जर, बाहेरचा पडदा आणि बाहेरचा कळफलक जोडलेला असेल तर जागा राहतो. हा बिघाड नव्हे, ठरवलेले वर्तन आहे.

उलट तक्रारही याच प्रश्नात बसते: नको तेव्हा झोपतो. आमच्याकडे रात्रभर तापमानाच्या नोंदी घेण्यासाठी लावलेला एक लॅपटॉप अर्ध्या तासात झोपला आणि सकाळी उरलेल्या रात्रीची जागा कोरी होती. कळफलकाला कोणी हात लावत नाही, म्हणजे काम नाही, असे यंत्राने मानले. नोंदी घेणारी आमची आज्ञावली 'जागा राहा' असे सांगत नव्हती. चूक आमची होती. शाळेत हवामानाच्या नोंदी घेणाऱ्यांनी आधी झोपेची वेळ 'कधीही नाही' अशी ठेवावी. मॅकमध्ये यासाठी 'कॅफिनेट' या चपखल नावाची आज्ञा आहे.

दुसरा प्रश्न: झोपला, पण मध्येच जागा झाला तर? येथे संशयित तीन: उपकरण, घड्याळ आणि जाळे. पिशवीत वायरलेस माउस हलला आणि त्याचा लहान यूएसबी तुकडा लॅपटॉपला तसाच असला, तर यंत्र उठू शकते. ठरलेल्या वेळी करायची कामेही उठवतात. विंडोजमध्ये 'पॉवरसीएफजी /लास्टवेक' शेवटच्या वेळी कोणी उठवले ते सांगते, तर '/वेकटायमर्स' लावलेले गजर दाखवते. मॉडर्न स्टँडबायच्या यंत्रावर '/स्लीपस्टडी' हा अहवाल पाहावा. झोपेच्या प्रत्येक सत्रात किती वीज गेली आणि खोल विश्रांती कोणी अडवली, हे त्यात आलेखासह मिळते. मॅकमध्ये 'पीएमसेट -जी लॉग' ही झोप आणि जाग यांची दैनंदिनीच आहे. लिनक्समध्ये 'प्रॉक' फोल्डरातील 'एसीपीआय'मध्ये 'वेकअप' नावाची फाइल आहे. तीत उठवण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे याची यादी असते आणि तो काढूनही घेता येतो.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड: झोपला, पण उठलाच नाही तर? पडदा काळा, पंखा चालू, कळफलक निर्जीव. आधी 'उठला नाही' आणि 'उठला पण पडदा पेटला नाही' यांत भेद करावा. कळफलकावरील कॅप्स लॉकचा दिवा दाबल्यावर पेटत असेल, किंवा गाणे ऐकू येत असेल, तर यंत्र जागे आहे; दोष बहुधा पडदा चालवणाऱ्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये आहे. दिवाही पेटत नसेल तर मूळ झोपेतच अडचण आहे. अशा वेळी विंडोजच्या नोंदवहीत 'कर्नेल-पॉवर ४१' अशी नोंद सापडते आणि अनेक जण तिलाच रोग समजतात. वास्तविक ती नोंद एवढेच सांगते, की मागच्या वेळी यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले. आपण कळ दाबून धरून यंत्र बंद केले, तर ती नोंद आपल्याच कृतीची असते. हे लक्षण आहे, कारण नव्हे.

या तिसऱ्या प्रश्नासाठी लिनक्समध्ये एक सुंदर सोय आहे. 'सिस'मधील 'पॉवर'मध्ये बहुतेक वेळा 'पीएम-टेस्ट' नावाची फाइल असते. झोपण्याची क्रिया पायऱ्यापायऱ्यांची असते: आधी चालू कामे गोठवणे, मग उपकरणे थांबवणे, मग फर्मवेअरला तयारी सांगणे, मग मुख्य प्रोसेसर सोडून बाकीचे थांबवणे. या फाइलमध्ये पायरीचे नाव लिहिले की संगणक फक्त त्या पायरीपर्यंत जातो, पाच सेकंद थांबतो आणि परत येतो. एकेक पायरी पुढे जात राहावे. ज्या पायरीवरून तो परत येत नाही तेथे दोष. काम झाल्यावर फाइलमध्ये 'नन' हा शब्द लिहून ती पूर्ववत करावी. प्रयोगशाळेत मंडलातील तुटलेली तार आपण अशीच, टोकापासून एकेक भाग तपासत, शोधतो. अशी सोय साध्या शब्दांत प्रत्येक प्रणालीत का नसावी, असा आमचा प्रश्न आहे.

तोडगाही कधी खरा ठरतो

"बंद करून चालू केले, काही झाले नाही, रीस्टार्ट केले तर सुटले," असा अनुभव अनेकांना येतो आणि तो चमत्कार वाटतो. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची युक्ती आहे. 'शट डाउन' केल्यावर आपली कामे बंद होतात, पण प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते, म्हणजे एक अर्धी शीतनिद्राच. पुन्हा चालू केल्यावर तीच स्थिती वाचली जाते. ड्रायव्हर बिघडलेला असेल तर तो बिघडलेलाच परत येतो. 'रीस्टार्ट' मात्र सर्व नव्याने सुरू करते. म्हणजे तोडगा बरोबर होता, कारण माहीत नव्हते एवढेच. ज्या यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत तेथे ही युक्ती बंदच ठेवावी. अर्धवट झोपलेल्या विंडोजच्या डिस्कवर लिनक्समधून लिहिणे धोक्याचे आहे.

निकाल

आता आमच्या कसोटीवर तिघांचा निकाल लावू. विंडोजचे अहवाल तिघांत सर्वांत सविस्तर आहेत, पण ते आज्ञांच्या काळ्या खिडकीत दडवलेले. समोरच्या मेनूत 'स्लीप' या एका शब्दापलीकडे काही नाही, आणि शीतनिद्रेचा पर्यायही अनेक यंत्रांवर मुद्दाम शोधून चालू करावा लागतो. मॅकच्या तक्रारी तुलनेने कमी, कारण यंत्र आणि प्रणाली एकाच घरची. येथे तिघांचा करार एकाच कंपनीत होतो. शिवाय मॅकचे लॅपटॉप रॅम जागी ठेवतानाच तिची प्रत डिस्कवरही लिहून ठेवू शकतात, म्हणजे फळाही राहतो आणि वहीही. पण तेथे वापरणाऱ्याच्या हाती निर्णय थोडेच असतात. लिनक्सने सर्व काही उघडे ठेवले आहे, हा तिचा मोठा गुण. दोष असा की उघडे ठेवणे म्हणजे समजावून सांगणे नव्हे. शीतनिद्रेसाठी डिस्कवर पुरेशी स्वॅपची जागा लागते, आणि 'सिक्युअर बूट' चालू असताना अनेक लिनक्समध्ये शीतनिद्रा बंद केलेली असते. डिस्कवरील प्रतीत कोणी फेरफार करील ही त्यामागची भीती योग्यच आहे, पण मेनूतून पर्याय नाहीसा का झाला, हे पडद्यावर कोणी सांगत नाही.

थोडक्यात, माहिती तिघांकडेही आहे. ती विचारल्याशिवाय कोणी देत नाही, आणि काय विचारावे हे कोणी शिकवत नाही. सकाळी झाकण उघडल्यावर "रात्री आठ तासांत १६ टक्के बॅटरी गेली, वायफायच्या कार्डाने विश्रांती घेतली नाही" अशी एक ओळ पडद्यावर उमटवणे अवघड नाही. ती ओळ असती तर कित्येक शाळांचे दुरुस्तीचे पैसे वाचले असते आणि कित्येक चांगली यंत्रे कपाटातून बाहेर राहिली असती.

वर्गात करून पाहा

ती ओळ मिळेपर्यंत ते काम विद्यार्थ्यांनी करावे. लॅपटॉपच्या बॅटरीची क्षमता वॅट-तासांत असते आणि बहुधा बॅटरीवरच छापलेली असते. समजा ती ५० वॅट-तास आहे. रात्री ९० टक्के असताना झाकण मिटले आणि आठ तासांनी ७४ टक्के उरले. १६ टक्के म्हणजे ८ वॅट-तास. भागिले ८ तास, म्हणजे सरासरी १ वॅट. हाच प्रयोग दुसऱ्या रात्री शीतनिद्रेत आणि तिसऱ्या रात्री यंत्र पूर्ण बंद ठेवून करावा. सुरुवातीचे टक्के प्रत्येक वेळी सारखे ठेवावेत, चार्जर काढलेला असावा, यूएसबीला काही जोडलेले नसावे. टक्क्यांचा आकडा हा यंत्राचा अंदाज असतो, म्हणून प्रत्येक प्रयोग दोन-तीनदा करून सरासरी घ्यावी. एस-३ मधील निरोगी यंत्र एका वॅटपेक्षा बरेच कमी घेते; शीतनिद्रेत आणि बंद अवस्थेत आकडा शून्याच्या जवळ यावा. झोपेचा आकडा फार मोठा आला तर दुसऱ्या प्रश्नाकडे वळावे, आणि त्याचे कारण सापडेपर्यंत यंत्र पिशवीत घालताना शीतनिद्रा किंवा शट डाउन वापरावे.

हॉल संवेदकाचा प्रयोग तर एका तासिकेत होतो. दोन लॅपटॉप एकमेकांवर ठेवा, वरचा हळूहळू सरकवा, आणि तो कोठे झोपतो त्या जागेची खडूने खूण करा. अदृश्य चुंबकाचा पत्ता लागतो. सुट्या, जोरदार चुंबकाने मात्र हा प्रयोग करू नये. जुन्या यंत्रात फिरती हार्ड डिस्क असू शकते.

त्या शाळेतील विज्ञानाच्या बाईंनी हा प्रयोग आता दरवर्षी नववीच्या वर्गाला दाखवायचा ठरवला आहे. कपाटातला लॅपटॉप पुन्हा टेबलावर आला आहे. दुसऱ्यासाठी शाळेच्या सुताराने एक लाकडी फळी ठोकून दिली, तिचा खर्च दुरुस्तीच्या एका खेपेपेक्षाही कमी आला.